तांबड्यार तांबडा

चुना भिजत घालून मी हात धुत होते, तेव्हा रमाकांत आला. दसऱ्याला आठेक दिवस होते, पाऊस ओसरला होता आणि दर वर्षीप्रमाणे संग्रहालयाच्या मागच्या पडवीत अर्ध्या कापलेल्या पिंपात शिंपल्यांचा चुना रटरटत होता. रमाकांत हा सगुणदाजींचा पुतण्या, त्यांची होडी आता तोच चालवतो. मला वाटलं, दाजींनी निरोप पाठवला असेल की बाईंनी यंदाही पाणी कमी घातलं असणार, जरा जाऊन बघ. रमाकांत पिंपाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाईनू, दाजी गेले. सकाळी चाय घेतल्यानी, कप खाली ठेवल्यानी आणि गेले." त्यावर मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "अरे, पण चुना भिजत घातलाय..." रमाकांत रागावला नाही. "होय तर," एवढंच म्हणाला आणि पिंपावर गोणपाट टाकून निघून गेला. मी मात्र तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. सत्तरीच्या बाईने असं रडू नये म्हणतात. म्हणोत.

सगुण तांडेल हे नाव ह्या पुरवणीच्या वाचकांना माहीत असायचं कारण नाही. ते कधी व्यासपीठावर बसले नाहीत, त्यांना कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही आणि आमच्या इतिहास मंडळाचे ते साधे सभासदही नव्हते. सभासदत्वाच्या अर्जावर सही करायची असते आणि दाजी अंगठेबहाद्दर. मी आयुष्यभर शिकल्यासवरल्या माणसांत वावरले. पण ज्याच्यापुढे माझी वाचाच बसावी असा माणूस मला एकच भेटला, आणि तो हा.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते, कारण त्याशिवाय माझी फजिती कळायची नाही. मी मूळची समुद्रकाठची नव्हे. कणकवलीच्या वरच्या अंगाला भात आणि काजू पिकवणाऱ्या घरातली मी. लग्न होऊन मालवणच्या दक्षिणेच्या ह्या गावात आले आणि हायस्कुलात भूगोल शिकवायला लागले. तीस वर्षं मुलांकडून अक्षांश-रेखांश घोकून घेतले आणि त्या तीस वर्षांत एकदाही होडीत पाय ठेवला नाही. पाण्याची भीती, दुसरं काय! वर मिजास अशी, की ह्या किनाऱ्याचा नकाशा डोळे मिटून फळ्यावर काढून दाखवीन. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाले आणि घरात बसून करायचं काय म्हणून आम्ही सात-आठ जणांनी इतिहास मंडळ काढलं. बंदरावरची जुनी कचेरी, बोट बंद झाल्यापासून ओस पडलेली, ती आम्हाला संग्रहालयासाठी मिळाली. टेकडीच्या उतारावर चिऱ्याची इमारत, समुद्राकडच्या अंगाला एकच मोठी आंधळी भिंत आणि तिच्या बगलेला व्हरांडा. व्हरांड्यात उभं राहिलं की खाली माडांचं बन, त्यात सगुणदाजींचं कौलारू घर आणि पुढे सगळा दर्या.

आम्ही गावाला हाक दिली, की घरातल्या जुन्या वस्तू घेऊन या. गाव काय, उत्साही! पहिल्या महिन्यात चौदा तोफगोळे आले, त्यातले बारा नदीतले गोटे निघाले. एका वहिनींनी शिवकालीन म्हणून जे पातेलं आणलं ते ॲल्युमिनियमचं होतं. पण हळूहळू खऱ्या गोष्टीही आल्या. गलबताचा नांगर आला, कचेरीचाच जुना कंदील आला, एकाच खोडातून कोरलेली एक पुराणी होडी आली. ती ठेवायला आम्ही आवारात मांगर, म्हणजे साधी शेड, घातला. पुढच्या वर्षी उद्घाटन ठरलं, जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाहुणे यायचे होते, फोटो निघायचे होते. आणि मी व्हरांड्यातून बघते तर काय, ऐन देखाव्याच्या मधोमध दाजींच्या अंगणात दोन खांबांना बांधलेल्या दोरीवर एक तांबडंलाल लुगडं फडकतंय. दाजींची बायको शेवंतीकाकी मासे विकायची. तिचं ते लुगडं मी रोजच तिथे वाळताना बघत असे आणि मनात म्हणत असे, बिचारीला दुसरं नाही वाटतं. मी एका बाईकडून निरोप धाडला, आजच्या दिवस धुणं काढा म्हणावं, फोटो काढायचेत. उलट निरोप आला, "होडये भायर आसत." होड्या बाहेर आहेत! ह्याचा आणि धुण्याचा संबंध काय? मी ते उद्धटपणाचं उत्तर समजले आणि शेवंतीकाकीकडून सहा महिने मासे घेतले नाहीत.

खरी घोडचूक मात्र त्याच्या पुढल्या वर्षीची. मुंबईला असलेल्या गावच्या एका चाकरमान्याने इमारतीला लावायला रंग पाठवून दिला. कुठला रंग हे ठरवायचं काम माझ्याकडे. कचेरी आधी चुन्याची पांढरी होती, पोपडे सुटलेली, शेवाळलेली. मी म्हटलं, इतिहास कसा दिसला पाहिजे? मातीतून उगवल्यासारखा! गेरूसारखा गडद तांबडा रंग मी निवडला, टेकडीच्या चिऱ्याशी अगदी मिळता. रंगकाम झालं तेव्हा लांबून इमारत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळेना. सगळ्यांनी वाहवा केली. मी तर दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तूंना चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. दारात एक उंच, काळा, ओलाचिंब माणूस उभा. पंचाची लंगोटी, अंगात बनियन, अनवाणी. पायातून थोडं रक्त येत होतं. सगुण तांडेल म्हणून मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होते, बोलणं कधी झालं नव्हतं. ते आत आले नाहीत. बाहेरूनच, अगदी हळू आवाजात, एखाद्याने हरवलेल्या गुराची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं,

"बाईनू, माजी भिंत खंय गेली?"

मला कळेचना. मग जे कळलं ते असं. पहाटेच्या धुरकटात त्यांची होडी परत येत होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडपांची, म्हणजे खडकांची, रांग आहे आणि तिच्यात एकच अरुंद वाट. ती वाट ते लोक ज्या खुणेने धरत, त्या खुणेतली एक वस्तू म्हणजे आमच्या कचेरीची पांढरी भिंत. त्या सकाळी भिंत नव्हती. ती डोंगरात विरघळून गेली होती. मी विरघळवली होती! होडी खडपावर चढली, एक फळी फुटली, जाळं तिथेच राहिलं. "माणसां बरी आसत," ते म्हणाले, जणू मीच घाबरले असेन आणि मला धीर द्यायला हवा. मी खरोखर घाबरले होते. पाचजण होते त्या होडीत. मी रंगाचा डबा निवडताना त्यातल्या एकाचंही तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं नव्हतं.

पण शिक्षकाची खोड मोडत नाही. अपराध्यासारखी उभी असतानाही मी वाद घातलाच. म्हटलं, "दाजी, इमारत तर तिथेच आहे ना? तेवढीच मोठी आहे. रंग बदलला म्हणून दिसत नाही असं कसं?" ते म्हणाले, "तांबड्यार तांबडा दिसणा नाय, बाईनू." आणि बोलल्यासरशी जीभ चावावी तसे गप्प झाले, घसा खाकरला. मी काय करावं? मी त्यांचं व्याकरण सुधारलं! म्हटलं, "तांबडी म्हणा, दाजी. भिंत स्त्रीलिंगी आहे. तांबडा नव्हे, तांबडी." त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग मान डोलावली. "बरा. तांबडी." आज ते आठवलं की मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं मला वाटतं.

मी त्यांना आत बोलावलं, पायाला हळद लावायला दिली आणि म्हटलं, मला ही खूण समजावून सांगा. त्यांनी खोलीतली एक समई उचलून माझ्यापुढे ठेवली आणि पलीकडच्या खांबाकडे बोट दाखवलं. "एक डोळो मिटा. आता समई खांबार येयसर सरका." मी सरकले. "आता तुमी रेषेर आसात. पण रेषेर खंय? म्हायत नाय." मग त्यांनी दुसऱ्या अंगाला नांगर आणि त्यामागची खिडकी दाखवली. "आता ही समई हलूक देव नको आणि नांगर खिडकेत आणा." मी एक डोळा मिटून, पदर सावरत, खुळ्यासारखी मागे-पुढे सरकत एका जागी येऊन थांबले. "हयच," ते म्हणाले. "ह्या खोलयेत ह्यो एकच जागो, जंय दोनय मेळतत. दर्यात तशेच." मी खडू घेऊन फरशीवर दोन रेषा काढल्या. त्या एकमेकींना छेदल्या. तीस वर्षं मी मुलांना हे फळ्यावर शिकवलं होतं आणि ह्या निरक्षर माणसाने, लाटेवर हलणाऱ्या फळीवर उभं राहून, उघड्या डोळ्यांनी ते हजारदा केलं होतं. मी विचारलं, अशा किती खुणा आहेत तुमच्याकडे? ते म्हणाले, "आसतली चाळीसेक." देवळाचा कळस, खिंड, एकाकी फणस, कुणाचं पडकं घर... म्हणजे जी जमीन मी नकाशात बघत होते ती सगळी ह्या माणसाच्या डोक्यात समुद्राकडून लिहिलेली होती.

दुसऱ्याच दिवशी दाजी स्वतः शिंपल्यांचा चुना घेऊन आले. समुद्राकडची ती एक भिंत पुन्हा पांढरी झाली, बाकीच्या तीन तांबड्याच राहिल्या. आमच्या अध्यक्षांना ते विचित्र वाटलं. मी म्हटलं, राहू दे विचित्र. तेव्हापासून दर वर्षी पाऊस ओसरला की दसऱ्याआधी चुना हा आमच्या संग्रहालयाचा नेम झाला. दाजी यायचे, पिंपात काठी फिरवायचे आणि दर वर्षी एकच सांगायचे, "बाईनू, पाणी कमी घातलास."

मंडळाचा महिन्याचा पहिला रविवार गप्पांसाठी ठरलेला असे. त्या दिवशी गावातलं कुणीतरी म्हातारं माणूस येऊन सांगायचं आणि आम्ही ऐकायचं. मी दाजींना ओढून आणलं. पहिल्यांदा ते बोलले ते जेमतेम दहा मिनिटं, तेही भिंतीकडे तोंड करून. पण पुढे पुढे लोक त्यांच्यासाठी यायला लागले. पार धामापूरहून एक शेतकरी सायकल मारत यायचे, ज्यांचा समुद्राशी संबंध फक्त ताटातल्या बांगड्यापुरता. दाजी खुणा सांगत नसत. ते खडपांची नावं सांगत. पाण्याखालच्या, कधी कुणी न बघितलेल्या खडकांना नावं होती! एक 'म्हातारीचो खडप', कारण कुणा म्हातारीने नातवाला सांगितलेली जागा तिथे सापडली. एक 'सुनेची खोल', तिथे गरी टाकली की गोबरो मासा लागतो, पण वर काढेपर्यंत सुटतो. एक 'इसारलेलो', म्हणजे विसरलेला. त्याची खूण दाजींच्या आज्याने कुणाला न सांगता नेली. पणज्याने बघितलेला तो खडप खाली आहे एवढं माहीत, कुठे ते कुणाला माहीत नाही. ते सांगताना दाजींचा आवाज खाली जायचा. माणूस मेल्यासारखंच ते दुःख होतं.

आणि खरी अडचण हीच तर होती. खूण बापाने मुलाला सांगायची, तीही होडीत बसवून. जमिनीवर सांगितलेली खूण दर्यात उतरत नाही असं ते लोक मानतात. परक्याला सांगायची नाही, कारण खूण फुटली की मोठ्या बोटी येऊन खडप खरवडून नेतात. दाजींचा एकुलता मुलगा मोहन गोव्यात हॉटेलात नोकरीला. चांगला मुलगा, दर महिन्याला यायचा, पण होडीत बसला की ओकायचा. रमाकांतला खुणा घोकायचा कंटाळा, त्याने दोन हजार सहाच्या सुमाराला ते जीपीएसचं यंत्र घेतलं. तो म्हणाला, दाजी, एकदा सगळीकडे फिरवा, मी प्रत्येक जागेवर बटण दाबतो, काम संपलं. मी तिथेच होते. दाजींनी यंत्र हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, खरोखर कौतुकाने बघितलं आणि परत दिलं. "बरा आसा रे. पण हेका नाव सांगूक येता?" रमाकांत म्हणाला, नाव कशाला, नंबर येतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, भर पावसाळ्यातल्या एका दुपारी, दाजी संग्रहालयात आले आणि बाकावर बसले. गळणाऱ्या पागोळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "आज्यान एक खूण नेल्यान ती आमी तीन पिढये रडतो. मिया चाळीस घेवन जातलंय, बाईनू." मी म्हटलं, लिहून घेऊ. ते म्हणाले, जमनीर सांगूची नसता. मी म्हटलं, मग होडीत सांगा. ते म्हणाले, तुमी होडयेत येतास? माझी भीती त्यांना ठाऊक होती. आणि मग त्यांचं लक्ष आवारातल्या मांगराकडे गेलं, जिथे ती खोडातून कोरलेली जुनी होडी ठेवली होती. दाजी हळूहळू हसायला लागले.

असा आमचा वर्ग भरला. सबंध पावसाळा, आठवड्यातून दोन दुपारी, मी आणि दाजी त्या संग्रहालयातल्या होडीत समोरासमोर बसत होतो. चपला बाहेर काढायच्या. "वस्तूंना हात लावू नये" ही माझ्याच अक्षरातली पाटी आमच्या डोक्यावर. दाजी डोळे मिटायचे, वारा कुठून येतोय ते गालावर घ्यायचे आणि बसल्या जागी सबंध अंग थोडं वळवायचे. मग सांगायला लागायचे. डोळे मिटलेल्या त्या माणसाला किनारा दिसत असे, अगदी खरोखर. "थांबा," मध्येच म्हणायचे, "फणस अजून देवळामागे आसा... आता सुटलो. हां, लिवा." पावसाचं पाणी मांगराच्या कडेने वाहत असायचं आणि मला, पाण्याला भिणाऱ्या बाईला, शपथेवर सांगते, ती होडी हलल्यासारखी वाटायची. येणारे-जाणारे हसत. शेवंतीकाकी एकदा टोपली घेऊन वर आली, आम्हाला बघून म्हणाली, "पोचलास काय खंय, का अजून बंदरातच?"

त्यांच्या अटी कडक होत्या. भिंतीवरच्या नकाशात फक्त नावं घालायची, खुणा नाही. खुणांची वही कपाटात कुलपात. आणि ती कुणाला दाखवायची? "जेच्या हाताक वल्ह्याचे घट्टे आसत, तेका." त्यामुळे मी आज ज्योतिष्यासारखी लोकांचे तळहात बघते. एकदा मोठ्या बोटीचे एक मालक गाडी घेऊन आले होते, फार गोड बोलले. त्यांचा हात माझ्या हातापेक्षा मऊ होता. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं.

चाळीस खुणा झाल्या. मी नवीन पान उलटलं आणि म्हटलं, "आता खाडीत शिरायची, दाजी. ती पांढऱ्या भिंतीची." दाजींनी डोळे उघडले. "ती नको." मला वाटलं थट्टा करताहेत. म्हटलं, बाकीच्या खुणा पोटासाठी, ही तर जिवाची, हिच्याशिवाय वही म्हणजे दार नसलेलं घर. "ती सगळ्यांका म्हायत आसा. लिवची नाय." मला नाही माहीत, मी म्हटलं. भिंत ही मागची खूण, मग पुढची कुठली? ते होडीतून उतरले, चपला शोधायला लागले. त्यांचे कान तांबडे झाले होते. मला राग आला. इतके दिवस बसले, माझ्यावर एवढा विश्वास टाकला आणि शेवटच्या पानाला हा आडमुठेपणा? मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. पुढे बोलणं सुरू झालं, पण पान कोरंच राहिलं. दर वर्षी चुन्याच्या वेळी मी विचारायचे, "दाजी, एक्केचाळिसावी?" ते म्हणायचे, "अजून पिकाक नाय." यंदाही विचारणार होते.

बाराव्याला मी त्यांच्या घरी गेले. माणसं बरीच होती. पंगती उठल्यावर आतल्या खोलीत नात्यातल्या बायका शेवंतीकाकीची रंगीत लुगडी घडी करून ट्रंकेत भरत होत्या. काकी कोपऱ्यात बसली होती, मोकळ्या कपाळाची, एकदम लहान झालेली. एका बाईने ते तांबडं लुगडं उचललं, तशी काकी हात पुढे करून म्हणाली, "ता हडे दी."

"काकी, आता तांबडा? आणि ता तू दोरयेर घालतलंस? लोक काय म्हणतले गो?"

"लोक जमनीर ऱ्हवतत. ता दर्यासाठी आसा," काकी म्हणाली. "होडये भायर आसत."

अकरा वर्षांपूर्वीचं ते उत्तर! मी काकीकडे बघितलं, मग दारातून बाहेर, त्या दोन खांबांमधून वर. माडांच्या शेंड्यांवर आमची भिंत. यंदा चुना न लागलेली, मळकी, पण पांढरी. खाली दोरी. आणि एका झटक्यात मला सगळं कळलं. तांबड्यार तांबडा. लुगडा तांबडा! मालवणीत लुगडं ते 'लुगडा' आणि तांबडं ते 'तांबडा'. दाजी भिंतीविषयी बोलतच नव्हते. व्याकरण त्यांचं बरोबर होतं, चुकले होते ती मी.

बायका पांगल्यावर काकी सांगायला लागली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माडांच्या बनातून सगळी घरं सारखीच दिसतात, म्हणून आपल्या माणसाला आपलं घर कळावं एवढ्यासाठी तिने लग्नातलं तांबडं लुगडं दोरीवर घातलं. दाजी आले ते धावतच. म्हणाले, ते भिंतीच्या मध्यावर दिसलं की बरोबर वाटेत होडी! त्यांनी खांब उपटले, सरकवले, पुन्हा दर्यात गेले, बघून आले, पुन्हा सरकवले. तीन खेपा. तेव्हापासून वाडीच्या सगळ्या होड्या त्यावर आत येतात. चार लुगडी जीर्ण झाली, रंग बदलला नाही. "मगे तुमी वही घेवन बसलास," काकी म्हणाली, "घराक येवन म्हणता कसो, बायलेचा लुगडा वहीत घालू? मेल्याक लाज!" ती हसली आणि हसता हसता तोंडावर पदर धरला. थोड्या वेळाने म्हणाली, "रोज घराक इलो काय पयली तीच गजाल. मधी होता, म्हणायचो. नायतर, दोन बोटां रेडीच्या अंगाक घे. वाऱ्यान सरकता मां ता. आता कोण सांगतलो?"

रेडीच्या अंगाक म्हणजे दक्षिणेला. इथे डावं-उजवं कुणी म्हणत नाही, कारण समुद्रातलं डावं ते जमिनीवर उजवं होतं.

माझी खोड बघा. अशा वेळीही मी म्हटलं, "काकी, हे लुगडं संग्रहालयाला द्याल? काचेच्या कपाटात ठेवू. सगळी गोष्ट लिहून ठेवू." काकीने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा पहिलीच्या वर्गात. "कपाटात? बाईनू, कपाटात घातलास तर दर्यातसून दिसतला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीला चुना लावला. पिंपावरचं गोणपाट काढलं तेव्हा मी आपणहून एक कळशी पाणी जास्त घातलं. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी रमाकांतला म्हटलं, मला घेऊन चल. त्याने नुसता हात पुढे केला. होडीत बसताना मी चपला काढल्या. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली आणि रामरक्षा म्हणत डोळे मिटून घेतले, ते बरंच बाहेर गेल्यावर उघडले.

माझं गाव मला ओळखू येईना. चाळीस वर्षं राहिले त्या गावाची एक हिरवी-काळी पट्टी झाली होती. हायस्कूल कुठलं, देऊळ कुठलं, माझं घर कुठलं? डोळे मिटून नकाशा काढणारी मी, उघड्या डोळ्यांनी हरवले. मग ती पांढरी भिंत दिसली, तेवढीच. रमाकांतने होडी वळवली. "आता बघत ऱ्हवा," तो म्हणाला. भिंतीच्या खाली, मालवणच्या अंगाला, एक तांबडा ठिपका होता. होडी चालली तसा तो चालू लागला. हळूहळू, कुणी बोट धरून आणावं तसा, माडांतून सरकत सरकत तो भिंतीच्या कडेला लागला, पांढऱ्यावर चढला आणि मध्यावर आल्यासारखा झाला. रमाकांतने सुकाणू धरलं. त्याचं यंत्र फळीवर पडून होतं, त्याने तिकडे बघितलंही नाही. दोन्ही बाजूंना पाण्याखाली काळे खडप सरकत होते, हात घातला असता तर लागले असते. एक बाई दोरीवर लुगडं घालते आणि पाच माणसं जिवंत घरी येतात. मी हात जोडले. कुणाला ते मला माहीत नाही.

"बाईनू," रमाकांत हळूच म्हणाला, "बरोबर मधी नाय हा. दाजी आसते तर बोलले आसते."

मी नीट बघितलं. नव्हतंच. कडेपासून कडेपर्यंत मोजली असती तर भिंत रेडीच्या अंगाला जास्त उरत होती.

किनाऱ्यावर शेवंतीकाकी उभी होती, दोरीपाशी, दोन्ही हात लुगड्याच्या काठावर. मी गुडघाभर पाण्यातून माझं नेसतं लुगडं भिजवीत वर आले. वहीचं शेवटचं पान मी कोरंच ठेवणार आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. काकीने विचारलं, "दिसला?"

चाळीस वर्षांत मी मालवणी बोलले नव्हते. मुलांना बोलू दिली नव्हती.

"दिसला," मी म्हटलं. "पण दोन बोटां रेडीच्या अंगाक घे, काकी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग वळून, दोरीवरून, दोन बोटं मापून तिने ते सरकवलं.